जागतिक अन्नप्रश्न आणि कुर्ल्याचे ताट

आमच्या कुर्ल्याच्या चिकित्सालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक वरिष्ठ महाविद्यालय आहे. तेथे पर्यावरण अभ्यास शिकविणारे एक प्राध्यापक आमचे जुने रुग्ण. आम्लपित्ताने त्रस्त, पथ्याच्या बाबतीत वाद घालणारे, पण मनुष्य सज्जन. आठ वर्षांपूर्वी औषधाच्या पुड्या पिशवीत टाकता टाकता ते म्हणाले, "वैद्यराज, तुम्ही आम्हांला रोज काय खावे नि काय खाऊ नये ते सांगता. आमच्या मुलांनी जगाच्या अन्नसमस्यांवर प्रकल्प लिहिले आहेत. या वेळी ते तुम्हीच तपासा." आम्ही होकार दिला. होकार देताना आमचा अहंकार किंचित सुखावला होता, हे प्रारंभीच मान्य केलेले बरे. त्या तपासणीत आमच्या हातून एक चूक झाली. तिची मुळे केवळ आमच्या स्वभावात नसून आपल्या एकूण व्यवसायाच्या सवयीत आहेत असे पुढे उत्तरोत्तर वाटत गेले, म्हणून हा लेखप्रपंच.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरणाचा सहा महिन्यांचा सामायिक अभ्यासक्रम आखला आणि २००४ च्या सुमारास तो महाविद्यालयांत आला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. ते मूळचे शल्यचिकित्सक, ही गोष्ट आपल्या वाचकांस रुचावी. त्या अभ्यासक्रमात नैसर्गिक साधनसंपत्तीच्या प्रकरणात 'अन्नसंपदा' असा एक भाग आहे आणि त्यातील पहिलाच मुद्दा जगाच्या अन्नसमस्यांचा. पुढे आधुनिक शेतीचे परिणाम, खते व कीटकनाशके, पाणथळ व क्षारपड जमिनी असा विस्तार आहे. आयोगाच्या मूळ आराखड्यात शंभरापैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते, म्हणजे विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडावे, डोळ्यांनी पाहावे आणि मग लिहावे अशी अपेक्षा होती. त्यानंतर अभ्यासक्रमांची नावे बदलली, श्रेयांकांची पद्धत आली, नवे शैक्षणिक धोरण आले. प्रकल्पवही मात्र सर्वांना पुरून उरली.

त्या वह्यांचा गठ्ठा आम्ही दोन रात्री जागून वाचला. पारदर्शक आवरणे, रंगीत मुखपृष्ठे, आत संगणकावर छापलेली पाने. इथिओपियाचा दुष्काळ, आफ्रिकेतील कुपोषित बालकाचे तेच ते छायाचित्र, अमेरिकेतील स्थौल्य, हरितक्रांतीचे लाभ आणि तोटे, १६ ऑक्टोबरचा जागतिक अन्नदिन. तीन वह्यांत एकच वाक्य एकाच अशुद्धासह आले होते. एका विद्यार्थ्याने तर संकेतस्थळाच्या तळाशी असलेली जाहिरातही निष्ठेने उतरवून घेतली होती. असो. तरीही या वह्यांना आम्ही सढळ हाताने २०, २२ असे गुण दिले. कारण त्या नीटनेटक्या होत्या, त्यांत आकडे होते, आणि विषय 'जागतिक' होता.

गठ्ठ्याच्या तळाशी एक हस्तलिखित वही होती. रेघी कागद, निळी शाई, सात-आठ पाने. लिहिणारी मुलगी कुर्ला पूर्वेस राहणारी. तिने आपल्या घरी आठवडाभर काय शिजले ते वारांनुसार लिहिले होते. रेशनवर काय मिळाले, काय दुकानातून आणले आणि काय आणायचे राहिले, तेही लिहिले होते. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा आईने वरणासाठी तूर सोडून मसूर धरली, आणि डाळ स्वस्त झाल्यावरही घरात मसूरच राहिली, कारण धाकट्या भावाला तीच चव आवडू लागली होती. आजोबा नेहरूनगरच्या मदर डेअरीत हमाली करीत. ते भुकटीच्या गोण्या उतरवीत असत आणि गोणीवरची परकी अक्षरे त्यांना वाचता येत नसत. आजी बीड जिल्ह्यातून १९७२ च्या दुष्काळात मुंबईस आली. तिने सांगितलेली एक गोष्ट मुलीने जवळजवळ पूर्ण पानभर लिहिली होती: रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना तुटे, आणि घरची पांढरी ज्वारी खाल्लेल्या माणसाला ती गिळताना रडू येई.

आम्ही तिला २५ पैकी ११ गुण दिले. शेरा लिहिला: "विषयास सोडून. जागतिक संदर्भ नाही."

तीनएक महिन्यांनी एक वृद्धा संधिवातासाठी आमच्याकडे आली. नाडी पाहून, गुडघे पाहून आम्ही आहाराबद्दल विचारू लागलो, तेव्हा तिने आमच्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाली, "डाक्टर, माझ्या नातीला तुम्हीच कमी मार्क दिले म्हनं. म्या काय खोटं सांगितलं व्हतं का तिला?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्याच संध्याकाळी प्राध्यापकांकडे गेलो. निकाल लागून गेला होता, गुण बदलणे नियमात बसत नव्हते. निदान ती वही पुन्हा वाचावयास मिळावी अशी विनंती केली, तर वह्या रद्दीत गेलेल्या. आज त्या वहीबद्दल आम्ही जे लिहीत आहोत ते आमच्या आठवणीतून आणि पुढे आजीबाईंशी झालेल्या बोलण्यातून. कुर्ल्याच्या एका घराने पन्नास वर्षांत काय खाल्ले याचा तो लेख होता. तसा दुसरा आमच्या पाहण्यात नाही.

आता त्या वहीत जागतिक संदर्भ नव्हता हे आमचे म्हणणे कितपत खरे होते ते पाहू. साठच्या दशकात पी. एल. ४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन कायद्याखाली तेथील अतिरिक्त धान्य भारतात येत होते. गव्हाबरोबर मिलोही येई. पुढे १९७२ च्या दुष्काळात मिलो पुन्हा महाराष्ट्राच्या रेशनवर दिसली. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः पशुखाद्य म्हणून पिकविले जाते. ज्वारीच्या देशात ज्वारीचाच एक परका भाऊ आला आणि लोकांनी तो नाइलाजाने गिळला. (गाजरगवतही त्याच अमेरिकन गव्हातून आले असे आपल्याकडे मानले जाते, पुण्यात ते १९५० च्या दशकात प्रथम आढळले. त्याच्या स्पर्शाने झालेल्या त्वग्विकारांवर आपल्यापैकी कित्येकांनी चिकित्सा केली असेल. धान्याच्या पोत्याबरोबर व्याधीचा हेतूही प्रवास करतो, तो असा.)

नेहरूनगरच्या डेअरीची कथा तर याहून बोलकी आहे. १९७० साली सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड' अर्थात दूधमहापूर योजनेच्या पहिल्या टप्प्यात युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्याकडील अतिरिक्त साठ्यातून १,२६,००० टन स्निग्धांशरहित दूधभुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल देणगी म्हणून दिले. ते संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत आले. ही भुकटी फुकट वाटली गेली नाही. तिचे दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत विकावे आणि त्या पैशातून देशातील दुग्धव्यवसाय उभा करावा अशी योजना होती. कुर्ल्याची मदर डेअरी ही त्याच योजनेची संतती. म्हणजे मुलीच्या आजोबांच्या खांद्यावरून जी गोणी उतरत होती, ती जागतिक अन्नराजकारणाचीच गोणी होती. इतर साऱ्या वह्यांनी 'जागतिक अन्न कार्यक्रम' हे शब्द उतरवून घेतले होते. एकट्या या मुलीच्या घरी तो कार्यक्रम प्रत्यक्ष येऊन गेला होता, आणि ते तिला ठाऊक नव्हते. आम्हांसही ठाऊक नव्हते. पुढे त्या डेअरीचे काम मंदावत बंद पडले. जून २०२४ मध्ये राज्य शासनाने तेथील साडेआठ हेक्टर जागा धारावी पुनर्विकास प्रकल्पासाठी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नेहरूनगरच्या रहिवाशांनी विरोध केला. त्या विरोधात झाडांचा आणि मोकळ्या जागेचा प्रश्न होता. दुधाचा उल्लेख आमच्या कानी फारसा आला नाही.

मसुराचेही तसेच. आपण मसूर मोठ्या प्रमाणात कॅनडा व ऑस्ट्रेलियातून आणतो आणि तूर म्यानमार व पूर्व आफ्रिकेतून. २०१५ च्या त्या भाववाढीनंतर, जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळींच्या खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार केला. ही वही लिहिली गेल्यानंतर चार वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली. त्याआधीच युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेलाचा पुरवठा विस्कळीत झाला होता. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी अर्ध्याहून अधिक आयात होते. कुर्ला स्थानकाबाहेरच्या वडेवाल्याने तेव्हा कढईतले तेल किती वेळा पुन्हा वापरले असेल याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? आमच्याकडे तर त्या उन्हाळ्यात आम्लपित्ताचे रुग्ण येत होते आणि आम्ही पित्तकर आहाराचे पाठ केलेले वर्णन त्यांना ऐकवीत होतो.

आपल्या शास्त्रात याचे मार्गदर्शन नाही असे कोणी म्हणू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी क्षार आणि लवण यांच्या अतियोगाची चर्चा करताना माणसांची आणि प्रदेशांची नावे घेतली आहेत. पूर्वेकडील लोक आणि चीन हे क्षाराचे अतिसेवन करतात, म्हणून त्यांच्यांत आंध्य, षांढ्य, खालित्य, पालित्य आढळते. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर देशांतील लोक दुधाबरोबरसुद्धा मीठ खातात, म्हणून त्यांच्या ठिकाणी ग्लानी व शैथिल्य येते. हे वर्णन सर्वस्वी ग्राह्य मानावे की नाही यावर मतभेद होऊ शकतील. परंतु आचार्यांची रीत पाहा. कोण, कोठे, काय, कशाबरोबर आणि किती खातो हे त्यांनी आधी सांगितले, आणि मग परिणामाचा विचार केला. अशा सात्म्य झालेल्या द्रव्यापासूनही माणसाला हळूहळू, क्रमाने दूर करावे, एकदम नव्हे, असा सल्लाही तेथेच दिला आहे. त्याच अध्यायात पुढे प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आहारविधीची आठ आयतने येतात. आपण ती पहिल्या वर्षी घोकली आणि परीक्षेत लिहिली. मुलीच्या वहीत त्यांपैकी निदान पाच होती. तिने ती कधी ऐकली नव्हती, आणि आम्ही ती पाठ असूनही ओळखली नाहीत.

प्राध्यापकमहाशयांशी आमचा या विषयावर बराच वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येकाने आपापल्या घरचे ताट लिहिले तर विद्यार्थ्याची दृष्टी घरापुरतीच राहील. हवामानबदल, व्यापार, युद्धे, बियाण्यांचे हक्क हे कधी शिकणार? आक्षेप रास्त आहे. त्या मुलीची वही आजीच्या आठवणीपाशी आणि आजोबांच्या गोणीपाशी थांबली होती. गोणी कोठून आली हे तिने विचारले नव्हते. म्हणून तिला २५ पैकी २५ द्यावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. पण ती गोणी कोठून आली हे शोधावयास तिला लावणे, हे शिक्षकाचे काम होते, आणि तपासनीस म्हणून आमचेही. शेऱ्यात "आजोबांच्या गोणीवर काय लिहिले होते ते शोध" एवढे जरी आम्ही लिहिले असते तरी तिला युरोपपर्यंतची वाट सापडली असती. इथिओपियापासून निघालेल्या वह्यांना मात्र कुर्ल्यास पोहोचण्याची कोणतीच वाट नव्हती.

येथवर वाचून सुज्ञ वाचक म्हणतील, हा शिक्षणक्षेत्राचा प्रश्न, आपल्या मुखपत्रात कशासाठी? आम्ही त्यांना आपल्या चिकित्सालयातील छापील पथ्यापथ्याचा कागद काढून पाहण्याची विनंती करतो. आमच्याकडे असलेला कागद एका ज्येष्ठ वैद्यांकडून आलेला, त्यांना तो त्यांच्या गुरूंकडून मिळालेला. पथ्य: जुने साठेसाळीचे तांदूळ, मूग, गाईचे दूध, गाईचे तूप, डाळिंब, मनुका. हा कागद आम्ही कित्येक वर्षे हजारो रुग्णांना दिला. त्यांतील बहुसंख्य रुग्ण रेशनचा तांदूळ खातात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ज्यांना माणशी पाच किलो धान्य मिळते, त्यांच्या हाती तांदळाची जात निवडण्याचा अधिकार नसतो. संकेतस्थळावरून इथिओपिया उतरवून घेणारा विद्यार्थी आणि ग्रंथातून साठेसाळी उतरवून देणारा वैद्य, या दोघांत गुण देताना आम्ही फरक कसा करावा?

दुधाचा मुद्दा तर थेट आपल्या औषधाशी भिडतो. आपण क्षीरपाक सांगतो: एक भाग द्रव्य, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, दूध शेष राहीपर्यंत आटवावे. कोणते दूध? मुंबईत बहुतेक घरी येते ते पिशवीतले टोन्ड दूध, त्यात तीन टक्के स्निग्धांश आणि साडेआठ टक्के इतर घनपदार्थ. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांशरहित भुकटी मिसळून ते अधिक लोकांना परवडेल असे करावे, ही कल्पना मुंबईतच दारा खुरोडी यांनी चाळीसच्या दशकात प्रत्यक्षात आणली. कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. गरिबाच्या मुलाला दूध मिळावे हा हेतू चांगलाच होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. परंतु आपल्या दृष्टीने ते द्रव्य वेगळे आहे. गव्य दुधाचे गुण आपण जाणतो, माहिष दूध अधिक गुरू, अधिक शीत, निद्रेस हितकर हेही जाणतो. दोहोंच्या मिश्रणात भुकटी आणि पाणी घालून, उष्णतेचा संस्कार करून जे तयार झाले त्याचे गुण कोणी लिहिले? करण आणि संयोग ही आयतने येथे प्रत्यक्ष उभी आहेत. आपल्या परिषदांतील निबंधांत मात्र 'गोदुग्धासह' असे छापले जाते आणि रुग्ण घरी पिशवी कापतो. अर्जुन क्षीरपाकाने आलेला गुण अथवा न आलेला गुण कोणत्या दुधाचा, हे आम्ही आजवर एकाही रुग्णाच्या कागदावर नोंदविले नव्हते. आपण नोंदविले असेल तर आम्हांस अवश्य कळवावे.

औषधालयचालकांनाही दोन शब्द. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हापासून आपल्या फळ्यांवर नाचणीचे सत्त्व, ज्वारीचे पोहे, बाजरीची बिस्किटे यांची गर्दी झाली आहे. व्यवसाय करावा, त्यात गैर काही नाही. पण एका बाजूस बीडची आजी, जिच्या ताटातून ज्वारी गेली आणि मिलो आली, पुढे रेशनचा गहू आला. आणि दुसऱ्या बाजूस त्याच कुर्ल्यातील लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या मॉलमध्ये आकर्षक पुडक्यातली ज्वारी. ही दोन टोके ज्याच्या दुकानात भेटतात तो आपला औषधविक्रेता आहे. गिऱ्हाईक अश्वगंधा चूर्ण घेते तेव्हा ते कोणत्या दुधाबरोबर घेणार, मध मागते तेव्हा घरी आधी कोणता आहे, हे विचारण्यास अर्धा मिनिट लागतो.

आमची सूचना मोठी नाही. आपल्या संघटनेचे सभासद मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आहेत आणि महाविद्यालयेही आहेत. प्रकल्पाच्या दिवसांत आपल्यापैकी एकेकाने दोन दुपारी जवळच्या महाविद्यालयास द्याव्यात. भाषणे देण्यासाठी नव्हे. आयुर्वेदाची थोरवी सांगणारी भाषणे विद्यार्थी पुष्कळ ऐकतात आणि विसरतात. विद्यार्थ्यांबरोबर बसून त्यांच्याच घरच्या आठवड्याचा आहार लिहून घ्यावा, त्यातील एकेक द्रव्य कोठून आले हे त्यांना शोधावयास लावावे, आणि झालेल्या वह्यांची एक प्रत मागून घ्यावी. ती प्रत आपल्याला हवी आहे. आपल्या भागातील माणसे आज प्रत्यक्ष काय खातात याचे लिखित ज्ञान आपल्याजवळ नाही, आणि ते नसताना देशसात्म्याच्या गोष्टी करणे कठीण आहे. रद्दीत गेलेल्या एका वहीची भरपाई याने होणार नाही, हे आम्ही जाणतो. ती मुलगी आता नोकरी करते. आजीबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या.

गतवर्षापासून आम्ही जुना छापील कागद बंद केला आहे. नव्या कागदावर वरच्या अर्ध्या भागात रिकाम्या जागा आहेत: धान्य कोठून, तेल कोणते व किती वेळा तापविलेले, दूध कोणते, डाळ कोणती, घरी कोण शिजविते. पथ्य त्याखाली हाताने लिहावे लागते. आमचा मदतनीस कुरकुरतो की याने दिवसाला चार रुग्ण कमी होतात, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे. समोरच्या औषधालयाचे मालक हा कागद पाहून प्रथम हसले. मागील आठवड्यात त्यांनी पन्नास प्रती मागून नेल्या.